नळीतली वीस मिनिटं

१

पाच नंबरच्या खाटेवरचा माणूस मंगळवारी दुपारी साडेतीनला गेला आणि साडेचारला त्याच्या मृत्यूचं कारण टाईप होऊन तयार होतं. खाली फक्त एक सही बाकी होती.

सही करायची होती हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागातल्या मुख्य सिस्टरने, कारण कागदात लिहिलं होतं की तिने लावलेल्या सिरिंजमधून औषध जास्त गेलं. तिने कागद दोनदा वाचला, वेळेच्या रकान्यातली एक चूक पेनाने दुरुस्त केली आणि कागद अधीक्षकांकडे परत सरकवला. "बाकीचं खोटं आहे, पण ते मला दुरुस्त करता येणार नाही. खरं काय झालं ते मलाच कळलेलं नाही," एवढं बोलून ती ड्यूटीवर परत गेली.

ही हकीकत तळमजल्यावरच्या औषधालयात पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. औषधालयाच्या प्रमुखबाईंना सगळं रुग्णालय गोळीबाई म्हणायचं, आणि त्यात गोळ्यांपेक्षा त्यांच्या बोलण्याचा वाटा जास्त होता. वय छप्पन्न, चष्मा कपाळावर, आणि वरिष्ठांचं ऐकून घेण्याची सवय मुळातच नाही. सिस्टर ही त्यांची धाकटी जाऊ. चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती रजा काढली यावरून दोघींचं जे बिनसलं ते बिनसलंच. एकाच इमारतीत नोकरी, पण बोलणं काय ते औषधांच्या मागणीपत्रावरून. 'तातडीने पाठवावे' असं एकीने लिहायचं आणि 'पाठवले आहे, नीट बघावे' असं दुसरीने.

तरी गोळीबाई जिने चढून वर गेल्या.

"तुम्ही कशाला आलात ताई?" सिस्टरने मान वर न करता विचारलं.

"तुझ्यासाठी आले असं समजू नकोस. औषध माझ्या कपाटातून गेलंय. आज तुझ्यावर खापर फोडतील, उद्या माझ्यावर." हे निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं त्यांना बोलून दाखवायचं नव्हतं.

सिस्टरने सांगितलं ते असं. सही केली तर दुसऱ्या विभागात गुपचूप बदली. नाही केली तर नर्सिंग परिषदेकडे तक्रार, परिचारिका म्हणून असलेली नोंदणी रद्द, एकवीस वर्षांची नोकरी पाण्यात. मुदत उद्या दुपारी बाराच्या चौकशी समितीच्या बैठकीपर्यंत. सिरिंजमधलं उरलेलं औषध तपासायला पाठवलंय, पण निकाल यायला तीन आठवडे.

"मग काय करणार आहेस?"

"सही नाही करणार."

"आणि नोकरी?"

"ताई, मी त्या माणसाला मारलेलं नाही. मारलं असतं तर तुम्ही वर यायच्या आधी मीच खाली येऊन सांगितलं असतं."

चार वर्षांत पहिल्यांदा गोळीबाईंना आपली जाऊ आवडली. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या.

२

गेलेला माणूस जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. चार दिवसांपूर्वी हृदयविकाराचा मोठा झटका आला. हृदय इतकं दमलं की रक्तदाब धरेना, म्हणून नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू केलं. बंद पडलेल्या हृदयाला लाथ घालून उठवणारं अ‍ॅड्रेनलिन सगळ्यांना ठाऊक असतं, हे त्याचंच सख्खं भावंड. हे रक्तवाहिन्या आवळून दाब धरून ठेवतं. थेंबाथेंबाने गेलं तर माणूस जगतो, एकदम गेलं तर तेच जिवावर उठतं. म्हणून ते सिरिंज पंपाने देतात. पंप खाटेच्या डोक्याकडच्या स्टँडवर, तिथून लांब बारीक नळी गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत. वेग तासाला सहा मिली.

"सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी जुनी सिरिंज संपत आली. मी नवीन भरून लावली," सिस्टर म्हणाली. "भरताना दुसऱ्या सिस्टरने मोजून बघितलं. माणूस मजेत होता. त्याआधी चहा घेतला, मला म्हणाला, तुमच्या या गाडीला ब्रेक नाही का. मग मी दोन नंबरच्या खाटेकडे गेले, तिथे रक्त चढवायचं होतं. दहा वीसला मॉनिटर ओरडायला लागला. दाब दोनशे चाळीस. पळत गेले तोवर हृदयाचे ठोके भलतेच झालेले. शॉक दिला, ठोके जागेवर आले, पण दाब साठवर बसला."

"पंप वाढवला नाहीस?"

"भूलवाले सर जवळच होते, तेच आधी पोचले. म्हणाले, पंपातूनच जास्त गेलंय, पंपाला हात लावू नका. दुसऱ्या हातातल्या सलाईनमधून अ‍ॅड्रेनलिन थोडं थोडं दिलं. प्रत्येक वेळी दाब उचलायचा आणि दोन मिनिटांत खाली. मग दहा चाळीसला आपोआप वर यायला लागला. कोणी काही न करता. पण हृदयाने तोवर हाय खाल्ली होती."

भूलवाले सर म्हणजे रुग्णालयाचे ज्येष्ठ भूलतज्ज्ञ. चौकशी समितीचे अध्यक्षही तेच.

गोळीबाईंनी मॉनिटरच्या आठवणीत साठलेला रक्तदाबाचा आलेख छापून घेतला. रेघ सरळ, मग एकदम सुळका, मग खोल दरी, आणि दरीच्या टोकाला पुन्हा चढण. पंपाच्या आठवणीतली यादीही त्यांनी काढली. दहा नऊला सिरिंज संपत आल्याची घंटी, ती कोणीतरी बटण दाबून गप्प केलेली. दहा दहाला सिरिंज बदल. पुढे सहाचा वेग, शेवटपर्यंत सहाच. जास्तीचं औषध सोडणाऱ्या बटणाला कोणी बोट लावलेलं नव्हतं.

म्हणजे पंपाने जास्त औषध सोडलं नव्हतं, आणि तरी ते माणसाच्या अंगात गेलं होतं.

खाली येऊन त्यांनी कोठारातून तशीच नळी काढली आणि सिरिंजने पाणी भरून मोजली. पंपापासून शिरेपर्यंत बरोबर दोन मिली. त्यांनी टेबलावर बोटाने हिशेब केला आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला. तासाला सहा मिली म्हणजे मिनिटाला मिलीचा दहावा भाग. दोन मिलीला वीस मिनिटं.

उन्हात पडलेल्या पाइपाचा नळ उघडला की आधी पाइपातलंच गरम पाणी येतं, टाकीतलं गार पाणी नंतर. सिस्टरची नवीन सिरिंज दहा दहाला लागली होती. दहा वीसला तिचं औषध जेमतेम निम्म्या नळीत पोचलेलं. ज्या सिरिंजवर मृत्यूचं खापर फोडलं, तिचा एक थेंबही पंपाने अजून त्या माणसापर्यंत नेला नव्हता.

कागदावरचं कारण खोटं ठरलं. पण नळीत भरलेलं औषध आत ढकललं कोणी, हे अजून अंधारातच होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गोळीबाई बसवाल्या गृहस्थांच्या लेकीसमोर बसल्या होत्या. ती रुग्णालयाच्या बाकावर होती, मांडीवर वडिलांच्या कपड्यांची पिशवी. डोळे सुजलेले, पण आवाज पक्का.

"मला एक सांगायचंय," ती स्वतःहूनच म्हणाली. "काल ते यंत्र वाजत होतं. सिस्टर येईपर्यंत मीच बटण दाबलं. माझ्यामुळे झालं का हो काकू?"

"नाही. तुम्ही घंटी बंद केलीत, दुसरं काही नाही. यंत्राने तसं लिहून ठेवलंय." गोळीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "त्यांना त्या वेळी काही त्रास होत होता? मळमळ, उलटी?"

"अजिबात नाही. चहा प्यायले, सिस्टरांची चेष्टा केली. मग व्यायामवाले आले आणि मला बाहेर जायला सांगितलं. सव्वादहा झाले असतील."

व्यायामवाला म्हणजे फिजिओथेरपिस्ट. तो कालपासून तोंडाला कुलूप लावून बसला होता. गोळीबाईंनी त्याला त्याच्याच खोलीत, रबरी चेंडूंच्या टोपलीशेजारी गाठलं.

"मी त्यांना टेकवून बसवलं, बास," तो म्हणाला. "खाटेची डोक्याकडची बाजू वर केली. लगेच त्यांना मळमळायला लागलं. मी सिस्टरना सांगायला दोन नंबरकडे गेलो, त्या म्हणाल्या दोन मिनिटांत येते. मग मी हात धुवून, उलटीचं भांडं घेऊन परत आलो तर मॉनिटर बोंबलत होता. बाई, खाट वर केल्यामुळे नळीतलं औषध खाली उतरलं असेल का? मला रात्रभर झोप नाही."

"डोकं वर केलं, पंप नाही उचलला. त्याने दाब असा चढत नाही. झोप आता." गोळीबाई उठल्या आणि दारातून वळल्या. "परत आलास तेव्हा काही वेगळं दिसलं? काही हललेलं, सरकलेलं?"

त्याने आठवून बघितलं. "पंपाचा स्टँड फिरलेला होता. पंपाचं तोंड भिंतीकडे, खाटेच्या उशाशी. मीच ते परत सरळ केलं, सिस्टरना आकडे दिसावेत म्हणून."

उशाशी कोण उभं राहतं? गोळीबाई जिना उतरता उतरता स्वतःशी मोजत होत्या. सिस्टर पायथ्याशी किंवा हाताशी उभी राहते. फिजिओ बाजूला. हृदयाचे डॉक्टर उजव्या अंगाला. रुग्णाच्या डोक्यामागे, भिंतीला पाठ लावून, रुग्णाचं तोंड उलटं बघत उभं राहण्याची जन्माची सवय या इमारतीत एकाच धंद्याला होती.

४

ज्येष्ठ भूलतज्ज्ञांच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. माणूस वाईट नव्हता, हे गोळीबाईंनाही मान्य होतं. पंचवीस वर्षांत हजारो माणसांना त्यांनी झोपवून परत उठवलं होतं.

"बाई, तुमच्या जावेला समजावा," ते म्हणाले. "हट्टाने तिचंच नुकसान होईल."

"हट्ट आमच्या घराण्यातच आहे सर, लग्न करून आलेल्यांनाही लागतो. तुम्ही काल पेशंटला तपासलं होतंत ना?"

"दुपारी त्याच्या हृदयाच्या नळ्यांची प्रक्रिया होती. त्याआधी तपासणं माझं कामच. सकाळी लवकर बघून आलो, फाईलमध्ये नोंद आहे."

नोंद होती. गोळीबाईंनी ती उभ्याउभ्याच वाचली. वळणदार अक्षर, वेळ नऊ चाळीस. दाब एकशेचार. श्वास बरा. रुग्णाला मळमळ. प्रक्रियेस हरकत नाही.

त्यांनी ती पुन्हा वाचली. मग फाईल मिटून जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, "बाराची बैठक विभागातल्या रिकाम्या सहा नंबरच्या खोलीत घेऊ या का सर? मला नळीची जोडणी समजावून सांगायचीय, टेबलावर ते जमत नाही."

"घ्या. पण लवकर आवरा."

जिन्यावर सिस्टर भेटली. गोळीबाईंनी तिला विचारलं, "औषध चालू असलेल्या त्या नळीत तुम्ही कधी दुसरं इंजेक्शन देता?"

"मरेपर्यंत नाही. गळ्याजवळ तीन तोंडांची चावी असते ना, थ्री-वे, तिला आम्ही पांढऱ्या पट्टीची गाठ मारून ठेवतो. म्हणजे चुकूनही कोणी उघडत नाही."

"आणि पंपाजवळची दुसरी चावी?"

"तिला नाही. तिथून कोण देतंय? एवढी लांब नळी असताना सिस्टर तिथे कधी जात नाही."

"सिस्टर जात नाही," गोळीबाई म्हणाल्या. "बरोबर."

५

बारा वाजता सहा नंबरच्या खोलीत अधीक्षक, भूलतज्ज्ञ, फिजिओ आणि सिस्टर जमले. गोळीबाई शेवटी आल्या, आणि त्यांच्याबरोबर बसवाल्याची लेक होती.

"ही बैठक गोपनीय आहे," अधीक्षक म्हणाले.

"बाप यांचा गेलाय साहेब. यांना बाहेर बसवायचं असेल तर मलाही बसवा, मग नळी तुम्हीच समजावून घ्या." गोळीबाईंनी लेकीसाठी खुर्ची ओढली. अधीक्षक चडफडले, पण गप्प बसले.

खाटेवर उशी होती. डोक्याकडे स्टँडवर पंप, सहाच्या वेगाने नुकताच चालू केलेला. त्यातून निघालेली नळी पांघरुणाखालून जाऊन पायथ्याशी ठेवलेल्या काचेच्या पेल्यात सुटत होती. गोळीबाईंनी सिरिंज आणि नळी, दोन्हींत लाल रंगाचं पाणी भरून ठेवलं होतं, पण नळी झाकलेली असल्याने ते कोणाला दिसत नव्हतं.

भूलतज्ज्ञ तो टाईप केलेला कागद वाचत उभे होते. गोळीबाई साध्या पाण्याची सिरिंज हातात घेऊन उगाच घोटाळल्या. "सर, नळी मोकळी आहे का तेवढं बघता? माझा हात यातला नाही."

कागदावरची नजर न काढता त्यांनी सिरिंज घेतली, उशाशी गेले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले, डाव्या हाताने स्टँड आपल्याकडे फिरवला, पंपाजवळची चावी वळवली आणि सिरिंज एका दमात रिकामी केली. चावी परत पूर्वीसारखी लावली. हे सगळं पाच सेकंदांत झालं.

पायथ्याशी पेला लालभडक झाला.

"धन्यवाद सर," गोळीबाई म्हणाल्या. त्यांनी तो पेला उचलून बाजूला ठेवला आणि नळीखाली दुसरा, स्वच्छ पेला ठेवला. "आता सगळ्यांनी बसून घ्या. वीस मिनिटं कोणी उठायचं नाही. काल तो माणूस वीस मिनिटं पडून होता, आपण निदान बसू."

पंप चालू होता. पेल्यात थेंब पडत होते, साध्या पाण्याचे.

"हा काय पोरखेळ आहे?" अधीक्षक म्हणाले.

"सांगते. नळीत दोन मिली औषध असतं, म्हणजे वीस मिनिटांचा डोस. पंपाजवळून कोणी दुसरं इंजेक्शन ढकललं की ते वीस मिनिटांचं औषध एका क्षणात आत जातं. दाब दोनशे चाळीस. आणि मग नळीत उरतं ते ढकललेलं पाणी. पंप बिचारा चालूच असतो, आकडा सहाच दाखवतो, पण पुढची वीस मिनिटं माणसाला औषध म्हणून काही मिळत नाही. म्हणून दाब साठ. दहा वीसला सुळका, दहा चाळीसला आपोआप चढण. गळ्याजवळच्या चावीतून दिलं असतं तर पुढे जेमतेम पाव मिली नळी उरते, दोन-तीन मिनिटांत सगळं ताळ्यावर आलं असतं. वीस मिनिटं लागली, म्हणजे इंजेक्शन पंपाजवळूनच दिलं गेलं. सिस्टरने भरलेल्या सिरिंजचा यात काडीचा संबंध नाही."

पेल्यात अजून रंग नव्हता.

"शस्त्रक्रियेच्या खोलीत रुग्ण गळ्यापर्यंत हिरव्या कापडाखाली असतो," गोळीबाईंनी आवाज न चढवता पुढे सांगितलं. "त्याचा हात, त्याचा गळा, काही हाती लागत नाही. म्हणून भूल देणारा उशाशी उभा राहतो आणि नळीच्या लांबच्या टोकातून औषध देतो. पंचवीस वर्षांची सवय, हात आपोआप जातो. आत्ता गेला तसा."

"मी सकाळी नऊ चाळीसला तिथून निघालो होतो," भूलतज्ज्ञ म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली होती. "माझी नोंद आहे."

"तीच तर अडचण आहे. नोंदीत मळमळ लिहिलीय. मळमळ सव्वादहानंतर, यांनी त्यांना बसवल्यावर सुरू झाली. तोवर ते चहा पिऊन चेष्टा करत होते, लेक साक्षीला आहे. नऊ चाळीसला तुम्हाला ती कशी दिसली?"

फिजिओने मान खाली घातली. लेक भूलतज्ज्ञांकडे टक लावून बघत होती. खोलीत पंपाची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती आणि तो आवाज सगळ्यांना असह्य झाला होता, गोळीबाईंनासुद्धा.

विसाव्या मिनिटाला नळीच्या टोकाशी गुलाबी झाक आली. मग एक लाल थेंब पेल्यात पडला.

"त्यांना मळमळत होतं," भूलतज्ज्ञ म्हणाले. ते लेकीशी बोलत होते. "उलटी थांबवायचं इंजेक्शन खिशात होतं. दिलं आणि मागून पाणी ढकललं. मॉनिटर ओरडला तेव्हा कळलं. तेव्हाच कळलं."

"आणि पंपाला हात लावू नका म्हणालात," सिस्टर म्हणाली. काल दुपारपासून ती पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलली. "तेव्हा खरं सांगितलं असतंत तर मी अर्ध्या मिनिटात नळी नव्याने भरून घेतली असती. वीस मिनिटं मी त्यांच्या डोळ्यांत बघत उभी होते सर. काय चुकतंय तेच मला कळत नव्हतं."

त्यांनी घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला.

अधीक्षकांनी घसा साफ केला. "ठीक आहे. झालं ते अनवधानाने झालं. सिस्टर, तुमच्या सहीचा तो कागद आपण फाडून टाकू. तक्रार नाही, बदली नाही. कारण म्हणून मूळ हृदयविकार लिहू, जो होताच. विषय इथेच मिटवू."

गोळीबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी जाऊ बोलली.

"नाही मिटवायचा."

"तुम्ही सुटलात बाई, अजून काय हवंय?"

"मी सुटण्यासाठी सही नाकारली नव्हती." ती लेकीकडे वळली. "पंपाजवळच्या चावीला आम्ही गाठ मारत नाही. आम्ही तिथून देत नाही, म्हणून दुसरंही कोणी देणार नाही असं धरून चाललो. ती चूक माझ्या विभागाची आहे, म्हणजे माझी. ती गाठ असती तर कदाचित यांचा हात थांबला असता."

लेकीने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, "कालच सही केली असतीत तर तुमची नोकरी तरी सुखात राहिली असती."

"आणि तुमचे वडील कशाने गेले ते तुम्हाला जन्मात कळलं नसतं."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही.

सिस्टरने टेबलावरचा कोरा कागद ओढला. अधीक्षक म्हणाले, "मी परवानगी दिलेली नाही." तिने मान वर केली नाही. गोळीबाई उठून दाराशी गेल्या, दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"लिही तू," त्या म्हणाल्या.

सिस्टरने आधी स्वतःची चूक लिहिली, चार ओळींत, वेळेसकट. खाली सही केली. मग कागद भूलतज्ज्ञांपुढे सरकवला आणि पेन त्यावर आडवं ठेवलं.

"आता तुम्ही," ती म्हणाली.